इंजिनाचे अभ्यंगस्नान

दिवाळी जवळ आली की मराठी घरात तेलाचा हिशेब सुरू होतो. चकलीला किती, शंकरपाळ्यांना किती, पणत्यांना किती आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या प्रत्येक पाठीला किती, असे चार रकाने गृहिणीच्या मनात आधीच आखलेले असतात. आपली भाषाही चांगलीच तेलकट आहे. जागरूक माणूस डोळ्यांत तेल घालून राखण करतो, कळलाव्या आगीत तेल ओततो, आणि दोन्हीकडून फसलेल्याचे तेलही जाते, तूपही जाते, हाती धुपाटणे तेवढे उरते. कचेरीतला कागद पुढे सरकेनासा झाला की जाणती माणसे हलक्या आवाजात ‘वंगणा’ची चौकशी करतात. सांगायचे एवढेच, की तेल ही काही आपल्याला परकी वस्तू नव्हे. तरीसुद्धा यंदा आमच्या घरच्या हिशेबात एक पाचवा रकाना पडला, आणि त्याने घरातली सगळी माणसे जवळजवळ पाच महिने गुंतवून ठेवली. तो रकाना मोटारीच्या इंजिनाचा.

मी मराठीचा प्राध्यापक. समास सोडवावेत, अलंकार ओळखावेत, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसावेत, हा माझा व्यवसाय. मोटारीशी माझा संबंध तिच्यात बसण्यापुरता. पण मी कोल्हापूरचा आहे, आणि कोल्हापुरात यंत्रापासून अलिप्त राहणे हे तालमीपासून अलिप्त राहण्याइतकेच अवघड. पंचगंगेच्या काठचा ऊस, त्याला पाणी देणारे पंप, गुऱ्हाळे आणि ती चालवणारी ऑईल इंजिने यांच्या जोरावर इथे पिढ्यान् पिढ्यांचे मिस्त्री तयार झाले. उद्यमनगरात सकाळी चक्कर मारावी. लेथच्या घरघरीत आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात एखादा विशीतला मुलगा कागदावर आकृतीसुद्धा न काढता सुटा भाग घडवून देताना दिसेल. छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा तिला पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या निम्म्या लोकांना तिचे बॉनेट उघडून आत डोकवायचे असते अशी माझी खात्री आहे. आता तर इथे गो-कार्टिंगच्या शर्यतींचा ट्रॅक आहे, आणि इथली मुले मोटारींच्या शर्यतींत नाव काढू लागली आहेत. म्हणजे कुस्तीगिरांच्या गावाला वेगाचाही नाद लागला.

हा नाद आमच्या घरात प्रथम आणला माझ्या थोरल्या भावाने. दादा गोव्यात नोकरीला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिकडे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची एक छोटी स्पोर्ट्स मोटार निघाली. दोन दारे, दोनच माणसांची जागा, डोक्यावरचे छप्पर काढून ठेवता येईल अशी रचना, फायबरचे अंग आणि पोटात रेनो या फ्रेंच कंपनीचे ११४९ सीसीचे इंजिन. ताकद साठ अश्वशक्तीची. परदेशातल्या स्पोर्ट्स मोटारींपुढे ही ताकद म्हणजे हिंदकेसरीपुढे शाळकरी पोर. पण गाडी हलकी, त्यामुळे पोर चपळ निघाले. अशा गाड्या फार थोड्या तयार झाल्या, आणि पुढे त्यांचे उत्पादन थांबले. दादाने २००५ साली त्यांतली एक जुनी म्हणून विकत घेतली. सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून, आजरा-गडहिंग्लजमार्गे तो सणासुदीला तिच्यातून घरी येई. ज्या आंबोलीला पाऊस धो धो कोसळतो, तिथून उघड्या टपाची गाडी घेऊन येणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा सुखी. दादा बहुधा दोन्ही होता.

२०१९ साली तो गेला. वहिनी मुलाला घेऊन कोल्हापूरला आल्या. गाडीही आली, आणि राजारामपुरीतल्या घरामागच्या शेडमध्ये कापडाखाली सहा वर्षे उभी राहिली. कुणी तिच्यावरून कापड काढत नसे. मांजर तेवढे वर झोपे.

यंदा मे महिन्यात प्रश्न उभा राहिला. पुतण्या इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या शिक्षणाला पैसे लागणार. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी गाडीला चांगली किंमत देऊ केली, पण एका अटीवर: इंजिन चालू पाहिजे. बंद इंजिनाच्या गाडीला ते भंगाराहून फारसे अधिक द्यायला तयार नव्हते. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही. ज्या गाडीचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, तिचे इंजिन एकदा जाम झाले तर पुढे काय करणार? त्यांनी फोनवरून सल्लाही दिला. आतला सगळा मळ फ्लशिंगच्या औषधाने धुऊन काढा, आणि मग बाजारातले सर्वांत महागडे सिंथेटिक तेल घाला, म्हणजे इंजिन कसे शिट्टीसारखे वाजेल.

पुतण्याला हे पटले. उद्यमनगरातल्या आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मुळीच पटले नाही. वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या. “भावजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच काय ते ठरवा,” असे त्या म्हणाल्या. समास सोडवता येणाऱ्याला इंजिन सोडवता येते असा काही लोकांचा गोड समज असतो. पण घरात पुरुष म्हणून मोठा मीच उरलेला. मग मी मुकाट्याने तेलाच्या अभ्यासाला बसलो, आणि वाचकहो, खरे सांगतो, एखाद्या महाकाव्यात रमावे तसा रमलो.

आधी मला वाटे, तेलाचे काम म्हणजे दाराच्या बिजागरीत घालतो तेच: करकर थांबवणे. पण इंजिनाच्या पोटातले तेल एकाच वेळी चार नोकऱ्या करते. क्रँकचा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो तिथे लोखंड लोखंडाला लागत नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा केसाहूनही पातळ पडदा असतो आणि सारा भार त्या पडद्यावर तरंगतो. शिवाय हे तेल उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट भरून काढते, आणि जळणातून निर्माण झालेली काजळी स्वतःच्या अंगावर घेते. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. आपण ‘हर हर महादेव’ म्हणेपर्यंत पिस्टन शंभराहून अधिक वेळा वर-खाली होऊन आलेला असतो. आणि तेवढ्या वेळात तो पडदा एकदा जरी फाटला, तरी पुढचा आवाज ऐकण्यासारखा नसतो.

स्पोर्ट्स मोटारीत या तेलाची कसोटी अधिक. तिला चालवणारा माणूस इंजिन वरच्या फेऱ्यांत ठेवतो, त्यामुळे तेल तापते. तो वळणावर वेग कमी करत नाही, त्यामुळे तळाच्या परातीतले तेल एका कुशीला धावते. एसटीतून घाट उतरताना मांडीवरच्या डब्यातली आमटी कशी एका बाजूला चढते, तसेच. नेमक्या त्या क्षणी तेल शोषणारी नळी उघडी पडली, तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून चांगल्या वेगवान गाड्यांच्या परातीत आडव्या भिंती घालतात, आणि खऱ्या शर्यतीच्या गाड्यांत तर तेल परातीत साठूच देत नाहीत. ते निराळ्या टाकीत ठेवतात.

मग डब्यावरचे आकडे. ‘१०डब्ल्यू-४०’, ‘५डब्ल्यू-३०’, ‘१५डब्ल्यू-४०’. त्यातला डब्ल्यू म्हणजे वजन, असे माझ्या ओळखीचे पुष्कळ मोटारवाले छातीठोकपणे सांगतात. तो डब्ल्यू वजनाचा नाही, विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. हे कळल्यावर मला फार बरे वाटले. एवढ्या रुक्ष विषयात एक ऋतू तरी भेटला! हिवाळ्याआधीचा आकडा सांगतो की तेल थंडीत किती वाहते राहील; मागचा आकडा सांगतो की १०० अंशांना तापल्यावर त्यात किती दाटपणा उरेल. अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ही मोजपट्टी घालून दिली. ‘०डब्ल्यू’ तेलाची थंडीतली परीक्षा उणे ३५ अंशांना होते, ‘१०डब्ल्यू’ची उणे २५ ला, ‘१५डब्ल्यू’ची उणे २० ला. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे आपण कानटोपी घालून शेकोटी पेटवतो तेव्हासुद्धा पारा शून्याच्या पुष्कळ वर असतो. तेव्हा उत्तर ध्रुवावरच्या थंडीची तरतूद आम्ही पैसे देऊन का विकत घ्यावी?

पुतण्या म्हणाला, “काका, पहिला आकडा लहान असला की गाडी सुरू होताना तेल लवकर वर चढतं. झीज सगळ्यांत जास्त तेव्हाच होते.” हेही खरेच. शिकलेल्या मुलाशी वाद घालण्यात हीच अडचण असते. तो अधूनमधून बरोबर बोलतो. पण नव्या मोटारींना ‘०डब्ल्यू-२०’सारखे पाण्यासारखे तेल घालतात ते इंधन वाचावे म्हणून, आणि त्या इंजिनांच्या फटीही तशाच बारीक राखलेल्या असतात. पंचवीस वर्षांच्या इंजिनाला ते घालणे म्हणजे आजोबांना नातवाचा सदरा घालण्यासारखे. तापल्यावर ४० चा दाटपणा राखणारे तेल हवे, इथपर्यंत आमचे तिघांचे एकमत झाले.

तेलांचा इतिहास वाचताना मला एक जुना शत्रू भेटला. एरंडेल! माझ्या पिढीपर्यंतच्या मुलांनी ज्याच्या नुसत्या नावाने घराचा माळा गाठला, ते एरंडेल. इंग्लंडात चार्ल्स वेकफील्ड नावाच्या गृहस्थाने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली, आणि पुढे वेगवान इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेले तेल बाजारात आणले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑईल म्हणतात, त्यावरून त्या तेलाचे नाव पडले कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर फिरत. ते तेल पेट्रोलात सहज विरघळत नाही आणि भयंकर उष्णतेतही पडदा सोडत नाही, हा त्याचा गुण. पण त्या इंजिनांतून तेलाचा फवारा मागे उडे, तो वैमानिकांच्या नाकातोंडात जाई, आणि पुढे एरंडेलाने जे व्हायचे तेच होई. शत्रूशी झुंजत असताना पोटाशीही झुंजणाऱ्या त्या वीरांविषयी मला मनापासून सहानुभूती वाटली. एरंडेलाचा दुसरा दोष असा की ते काही काळाने चिकट राळेसारखे आत बसते. म्हणजे माणसाचे पोट साफ करणारे हे औषध इंजिनाचे पोट मात्र तुंबवते!

आणि इथेच आमच्या घरातल्या वादाचा खरा मुद्दा येतो. इंजिनाला जुलाब द्यावा की देऊ नये?

फ्लशिंगची रीत सोपी असते. जुन्या तेलात एक पातळ औषध ओतायचे, इंजिन जागेवरच दहा-पंधरा मिनिटे चालवायचे, आणि सगळे काळे पाणी खाली सोडून द्यायचे. पूर्वीचे काही मेकॅनिक औषधाऐवजी डिझेलच ओतत. निघालेले काळेभोर तेल पाहून गिऱ्हाईक खूश होते. पुतण्याचे म्हणणे असे, की आत चिखल ठेवून वर नवे तेल घालणे म्हणजे आंघोळ न करता नवे कपडे घालणे. दिवाळीच्या तोंडावर या उपमेला उत्तर देणे कठीण होते.

मिस्त्रींनी ते दिले. हातातले फडके खांद्यावर टाकून ते म्हणाले, “सर, सा वर्सं निजलेल्या माणसाला उठवलं, तर त्याच्या तोंडात आधी पाण्याचा घोट घालता का जुलाबाची बाटली? मळ सुटंल की! खरं, सुटून जाणार कुठं? खाली जाळी हाय. तिथं जाऊन बसला, की तेल वर चढत न्हाई. दोन मिंटांत बेअरिंग खाल्लं म्हणून समजा. मग हे पोरगं बापाची गाडी कुठनं आणणार?”

शेवटच्या वाक्यावर पुतण्या गप्प झाला. मिस्त्रींचे म्हणणे मी घरी येऊन ताडून पाहिले, तर ते शब्दशः खरे होते. औषध तेलाला पातळ करते, म्हणजे ज्या वेळी पडद्याची सर्वांत अधिक गरज त्याच वेळी पडदा विरळ होतो. ते थोडे आतच उरते आणि नव्या तेलातही मिसळते. जुन्या रबरी सीलांच्या भेगा मळानेच बुजलेल्या असतात, तो मळ गेला की तिथून तेल गळू लागते. आणि एकदम सुटलेले ढेकूळ शोषनळीच्या जाळीवर जाऊन बसले, तर इंजिन स्वच्छ होऊन मरते.

हे वाचताना मला माझ्या विषयातला एक जुना वाद आठवल्याशिवाय राहिला नाही. आपल्या मराठी भाषेचेही वेळोवेळी फ्लशिंग झाले आहे. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो दरबारच्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली. आमच्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेले माधव जूलियन तर स्वतः फारसीचे पंडित, आणि त्यांनीच पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या चळवळीतून आपल्याला पुष्कळ चांगले शब्द मिळाले, ते आपण आज सहज वापरतो. पण समजा, सगळेच परके शब्द एका दिवसात धुऊन काढायचे ठरवले असते, तर? पोर्तुगीजांनी दिलेली ‘चावी’ गेली असती, म्हणजे गाडी सुरूच झाली नसती. ‘मिस्त्री’ गेला असता, म्हणजे ती दुरुस्त झाली नसती. आणि ‘पगार’ गेला असता, म्हणजे आम्हां मध्यमवर्गीयांच्या संसाराचे इंजिन महिन्याच्या एक तारखेलाच बंद पडले असते. काही जुना मळ आता मळ राहिलेला नसतो. त्यानेच कुठली तरी भेग बुजवून धरलेली असते.

अर्थात मिस्त्रींच्या बाजूचा हा पुरावा न्यायालयात टिकला नसता. खरा पुरावा निघाला गाडीतच. पुतण्या एके दिवशी डॅशबोर्डचा कप्पा आवरत होता, त्यात दादाची एक वही सापडली. शाळेतल्या मुलांची असते तशी, दोनशे पानी. आत दादाच्या बारीक, उभ्या अक्षरांत गाडीचा सगळा जन्मवृत्तांत. तारीख, किलोमीटर, कोणते तेल, किती, फिल्टर बदलला की नाही. ‘१५डब्ल्यू-४०, साधे.’ प्रत्येक पाच हजार किलोमीटरला ही ओळ. पाच हजार झाले नसतील तर वर्षाच्या शेवटी ही ओळ. कारण न चालणाऱ्या गाडीतही तेल म्हातारे होते. थोड्याथोडक्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याचा ओलावा धरतो, आणि त्यातून आम्ल तयार होते. मधूनच एखादी निराळी नोंद: ‘आंबोलीत दाट धुके. तेलाचा दिवा एकदाही लागला नाही.’ एकदा, ‘बाळ शेजारी बसला. फार खूश.’ शेवटची नोंद २०१९ च्या जानेवारीतली. त्याखाली रिकाम्या रेघा.

वहिनींनी ती वही दोन दिवस स्वतःजवळ ठेवली आणि मग न बोलता टेबलावर आणून ठेवली.

वहीने वाद मिटवला. जो माणूस चौदा वर्षे एकही पाळी न चुकवता तेल बदलत आला, त्याच्या इंजिनात जुलाब देण्याइतका चिखल असणार कुठून? काळे तेल दिसले म्हणजे इंजिन घाण आहे, असे नसते. तेलात साबणासारखे गुण असलेली द्रव्ये असतात, ती काजळी उचलून स्वतःत तरंगत ठेवतात. काळे झालेले तेल आपले काम इमानाने करत असते, फक्त ते वेळेवर बाहेर काढले पाहिजे. दर पाच हजारांना दादा तेच करत आला होता. त्याला फ्लशिंग कधी लागलेच नव्हते.

मग मिस्त्रींच्या पद्धतीने काम सुरू झाले. घाई कुणीच केली नाही. टाकीतले सडलेले पेट्रोल काढले. चारही प्लग खोलून प्रत्येक सिलिंडरात चमचा-चमचा तेल सोडले, आणि ते रिंगांभोवती मुरावे म्हणून आठ दिवस तसेच ठेवले. मग क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते हलले तेव्हा मिस्त्रींनी नुसतीच मान डोलावली, पण पुतण्याने मला मिठी मारली. जुना टायमिंग बेल्ट काढून नवा घातला, कारण सहा वर्षे एका जागी वाकून राहिलेल्या रबराचा भरवसा कोण देणार? तळाची परात उतरवली. तिच्यात बोटभर जाडीचा नव्हे, तर हळदीच्या लेपाएवढा पातळ थर होता. तो फडक्याने पुसला, जाळी रॉकेलने धुऊन उन्हात वाळवली. हेच आमचे फ्लशिंग. औषधाने नव्हे, हाताने. तालमीतला वस्ताद पैलवानाचे अंग रगडतो तसे, म्हटले तर अभ्यंगच.

तेल कोणते, तर वहीत लिहिलेले. साधे १५डब्ल्यू-४०, नवा फिल्टर, चारएक लिटर. पुतण्याने डब्यावरची अक्षरे वाचून दाखवली: ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनांचा, ‘सी’चा डिझेलचा, आणि एसपुढचे अक्षर जितके पुढचे तितके तेल अलीकडच्या कसोटीला उतरलेले; २०२० सालापासून ‘एसपी’ आला आहे. महाग सिंथेटिक तेल वाईट असते असे नव्हे. ते उष्णता अधिक सोसते, अधिक काळ टिकते, आणि शर्यतीच्या मैदानावर तेच शोभते. पण जे तेल तीन-चारशे किलोमीटरनंतर आतली उरलीसुरली घाण घेऊन बाहेरच पडायचे आहे, त्याला जरीचे काठ कशाला? आधी साधे तेल घालून थोडे चालवायचे, काढायचे, पुन्हा साधे घालायचे, पुन्हा काढायचे. तिसऱ्या वेळी १०डब्ल्यू-४०, अर्धे सिंथेटिक. ही पुतण्याची सूचना मिस्त्रींनी तत्काळ मान्य केली. “पोराला कळतंय,” एवढेच ते म्हणाले. विद्यापीठाच्या कुठल्याही पदवीहून हे प्रमाणपत्र मोठे होते.

जूनमधल्या एका संध्याकाळी इंजिन सुरू करायचे ठरले. प्लग काढलेलेच ठेवून आधी ते नुसते स्टार्टरवर फिरवायचे होते, म्हणजे दाबाचा भार न पडता तेल वरपर्यंत चढेल. डॅशबोर्डवर तेलाची खूण असते, तुम्ही पाहिली असेल. लाल रंगाची, चोच असलेली, थेंब गाळणारी झारी. मला ती नेहमी पणतीसारखी वाटते. फरक एवढाच, की ही पणती लागलेली असणे अशुभ. आपण घरात ‘दिवा विझव’ म्हणत नाही. ‘मालव’ म्हणतो, ‘निरोप दे’ म्हणतो. त्या दिवशी आम्ही चार माणसे शेडमध्ये उभे राहून एका दिव्याच्या विझण्याची वाट पाहत होतो. पुतण्याने चावी फिरवली. एक, दोन, तीन… इंजिन कण्हत फिरत होते आणि लाल पणती तशीच. मिस्त्रींनी हात वर करून थांबवले. बॅटरीला दम घेऊ दिला. पुन्हा चावी. मी वहिनींकडे पाहण्याचे टाळत होतो. आणि मग तो लाल ठिपका एकदा थरथरला, आणि गेला.

“चढलं तेल,” मिस्त्री म्हणाले. “आता घाला प्लग.”

त्यानंतर पहिल्या स्टार्टला निळ्या धुराचा एक लोट शेडभर पसरला. सिलिंडरात सोडलेले तेल जळत होते. धूर विरला, आणि इंजिन एका लयीत चालू लागले. मांजर मात्र जे पळाले ते दुसऱ्या दिवशी परतले.

पावसाळाभर पुतण्या दर रविवारी गाडी बाहेर काढी. आधी रंकाळ्याला एक चक्कर, मग कागलपर्यंत, आणि इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर न नेता. दोन वेळा तेल बदलले. पहिल्यांदा निघाले ते काळे, दुसऱ्यांदा तपकिरी. तिसरे तेल घातल्यावर वहिनी म्हणाल्या, मला पन्हाळ्याला घेऊन चल. मायलेक पन्हाळ्याचा चढ चढून गेले, आणि पुतण्याने पहिल्यांदाच इंजिनाला मोकळे सोडले. परत आल्यावर वहिनींचे केस विस्कटलेले होते, आणि कितीतरी दिवसांनी त्या जोरजोरात हसत होत्या. मला वाटले, आता काही गाडी विकली जात नाही.

पण त्या म्हणाल्या, “भावजी, पुण्याच्या त्या गृहस्थांना कळवा. गाडी उभी राहिली तर पुन्हा तेच होईल. याला शिकायला बाहेर जायचंय. चालवणाऱ्याकडे गेलेली बरी.”

दसऱ्याला व्यवहार झाला. ते गृहस्थ स्वतः आले होते. त्यांनी इंजिन ऐकले, समाधानाने मान हलवली, आणि कुठल्या औषधाने फ्लश केले म्हणून विचारले. पुतण्याने सविस्तर सांगितले. शेवटी कागदपत्रांबरोबर वहिनींनी दादाची वही त्यांच्या हातात ठेवली. पुतण्या चमकला. “आई, ही कशाला?”

वहिनी म्हणाल्या, “त्यांनी ती गाडीसाठी लिहिली होती, आपल्यासाठी नाही. यांना लागेल.”

त्या गृहस्थांनी वही उघडून शेवटचे पान पाहिले. २०१९ च्या जानेवारीतल्या नोंदीखाली, जिथे रिकाम्या रेघा होत्या, तिथे आता तीन ओळी होत्या. अक्षर वेगळे, जरासे मोठे, तिरके. तारीख, किलोमीटर, ‘१५डब्ल्यू-४०, साधे, फिल्टर बदलला’. पुन्हा तेच. आणि तिसरी ओळ: ‘१०डब्ल्यू-४०. पन्हाळा. तेलाचा दिवा एकदाही लागला नाही. आई शेजारी बसली.’